भांबुर्डा की निमुर्डी

भांबुर्डा आणि निमुर्डी ह्या दोन झुडपांत फरक काय, असं कुणी विचारलं की मी आधी त्यालाच विचारते, बाबा रे, तुझ्याकडे वेळ किती आहे? कारण लांबून पाहिलं तर फरक काहीच नाही. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, चुलत बहिणी म्हणा. दोन्ही कमरेएवढी वाढतात, दोन्हींच्या पानांना करवतीसारखे दाते, दोन्ही पाऊस सरल्यावर कुणाच्या लक्षातही न येता वाढतात आणि पौष-माघात पिवळी फुलतात. पान चुरगळलं की दोन्हींना कापरासारखा उग्र वास. शिवाय आपण जे फूल म्हणून खुडतो ते एक फूल नसतंच. हिरव्या इवल्याशा वाटीत कितीतरी बारीक फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. इथपर्यंत सांगून होतं तोवर ऐकणारा जांभई देतो. त्याचं काही चुकत नाही, पहिल्या वर्षी मीही द्यायची.

फरक आहे तो केसांत. त्या हिरव्या वाटीच्या पाठीवर लव असते. भांबुर्ड्याच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकाचा थेंब असतो, बोटाला लागला की सुटत नाही. निमुर्डीच्या केसांना चीक नाही, नुसता पांढरा कापूस. पुस्तकात ह्याला चार ओळी दिल्या आहेत. माझं माहेर पेडण्याचं. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, एमएस्सी करताना ह्या चार ओळींपायी मी दोन्ही हिवाळे उन्हात काढले. गळ्यात भिंग, पाठीला वर्तमानपत्रांचा गठ्ठा. आई माझ्या लग्नाच्या काळजीने कपाळावर हात मारून म्हणायची, "झाडां हुंगत फिरणाऱ्या चेडवाक नवरो खय गावतलो?"

नवरा गावला. सुर्ल्याचा.

सुर्ला म्हणजे खाणीचा गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा खाणी बंद होत्या आणि गाव हिरवागार दिसला होता, त्या हिरव्याला मी फसले. मग खाणी परत सुरू झाल्या. सकाळी पोदेराची सायकल पाव देऊन गेली रे गेली की ट्रक सुरू. दारावरून एकामागून एक जात आणि मागे लाल धूळ उभी राही. आमच्या घराची जनेलं, म्हणजे खिडक्या, बंद, फटींना ओली फडकी, पुढच्या दाराला अडसर. कपडे मागच्या पडवीत वाळवायचे. जेवताना ताटावर ताट झाकायचं. मे महिन्यातही पंखा लावायची चोरी, कारण पंखा धूळ फिरवतो. सड्यावर वाढलेली बाई मी. त्या घरात दुपार झाली की माझा श्वास आत घेतला जायचा, बाहेर सुटायचा नाही.

आणि घरात माणसं कोण? मी आणि मांय. सासूला आमच्याकडे मांय म्हणतात. नवरा मुरगाव बंदरात टगबोटीवर. वास्कोला चौघांत एक खोली करून राहतो, शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटे पहिल्या बसने जातो. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. मूल नाही, आणि त्याविषयी गावाचं पुरेसं बोलून झालेलं असल्यामुळे मी इथे काही लिहिणार नाही. सगळा आठवडा बंद घरात दोघी. मांय बडबडी, मी तोंडाळ. भांडायचो, मग भांडायलाही दुसरं कुणी नाही म्हणून परत बोलायचो.

अशात कोल्हापूरहून बोलावणं आलं. तिथल्या एका संस्थेत दोन वर्षांचं काम होतं. घाटात आणि कोकणात जमवलेली सूर्यफुलाच्या कुळातली झुडपं वाळवून ठेवली होती, त्यांतली कुठली कुठल्या जातीची ते ठरवून लावायचं. माझ्या जुन्या मॅडमनी माझं नाव सुचवलं होतं. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आधी हजर व्हायचं. मी तो मजकूर मोबाइलवर वाचला आणि चुलीपाशी उभी राहून रडले. असं काम दुसऱ्यांदा चालून येत नाही. पस्तिशी उलटलेल्या, मधली सगळी वर्षं चुलीपुढे घालवलेल्या बाईला तर नाहीच.

मांयने ऐकलं आणि सगळ्यांत आधी तिनेच म्हटलं, "जा गो. मी काय ल्हान असा? दोन वर्सां म्हणजे काय, गेली बघता बघता." शेजारणींनाही तिने मोठ्या तोंडाने सांगितलं, आमची सून कोल्हापूराक मोठ्या कामाक जातली.

नवरा म्हणाला, "माझो काय नकार नाय. देवाक विचारूया. तो व्हय म्हणालो काय तू मोकळी."

इथे कुणी शहरातला वाचक हसेल तर हसू दे. आमच्याकडे लग्न, विहीर, ऑपरेशन, नोकरी, काहीही असो, कौल लावल्याशिवाय होत नाही. सासऱ्यांनी एकदाच कौल न लावता ट्रक घेतला होता, आणि लगोलग खाणी बंद पडल्या. ट्रक मागे फणसाखाली कुजला, सासरे त्याच्याकडे बघत बघत गेले. तेव्हापासून ह्या घरात विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. नवऱ्याला मी कितीतरी वेळा म्हटलं असेल, अहो, देवाला कोल्हापूरचं काय कळतंय? तो म्हणायचा, "गप. ट्रक आठव."

आमचा कौल असा. गावाच्या वरच्या अंगाला राखणदाराची घुमटी आहे. राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव, एक उभा काळा पाषाण. गुरव पाषाणाला पाणी लावतो आणि त्याच्या छातीवर दोन फुलं दाबून चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. त्यांना आम्ही कळे म्हणतो. मग गाऱ्हाणं घालतो. पाणी सुकतं तसे कळे सुटतात. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. समईतली वात संपेपर्यंत एकही पडला नाही तर देव बोलला नाही असं समजायचं आणि पंधरा दिवस थांबून पुन्हा विचारायचं.

दुसऱ्या देवळांत ह्याला पिटकुळीचे नाहीतर शेवंतीचे कळे लागतात. आमच्या राखणदाराला रानातली पिवळी निमुर्डीच लागते. आणि ती आणायचा मान आमच्या घराचा. घरातली मोठी बाई सकाळी न बोलता रानात जाते, त्या दिवशीच्या सगळ्या प्रश्नांसाठी कळे खुडते, ताटात पानाखाली झाकून आणते आणि स्वतःच्या हाताने गुरवाला देते, आधी उजव्याचा, मग डाव्याचा. ज्याचा प्रश्न असेल त्याने कळ्यांना शिवायचं नाही. मांयला हा मान तिच्या सासूकडून आलेला, आणि सांधे धरले तरी तिने तो कधी चुकवला नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ह्याची गंमत वाटली होती. अख्ख्या गोव्यातला एकच देव असेल ज्याला माझ्या अभ्यासातलं झुडूप लागतं, आणि मी त्याच्याच गावात येऊन पडले.

पहिल्या आयतारी, म्हणजे रविवारी, आम्ही गेलो. आमच्या आधी शेजाऱ्यांनी विहिरीचं विचारलं. गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवा कळा टपकन खाली. मग आमची पाळी. "बा देवा राखणदारा, ह्या घरची सून परगावाक जावक बघता. तिच्या जाण्यान घराचा बरा होणार असात तर उजवो दी, नाय तर डावो दी." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." आणि बसलो. बसलो ते बसलोच. पाषाण कोरडा ठणठणीत झाला, वात संपली, दोन्ही कळे छातीवर जसेच्या तसे. गुरव म्हणाला, "देव बोलाक नाय."

शेजाऱ्यांच्या विहिरीसाठी तोंड उघडलं आणि माझ्या वेळी मुका! माझं डोकं फिरलं. घरी येताना मी नवऱ्याला वाट्टेल ते बोलले, देवालाही सोडलं नाही. मांय माझ्यामागून पाय ओढत येत होती. ती म्हणाली, "असा बोला नये गो. देवाची वेळ असता."

पंधरा दिवस गेले. ते मला कुणी खोक्यात भरून वर झाकण ठोकल्यासारखे गेले. कोल्हापूरहून विचारणा आली, कधी येताय? मी कळवलं, घरची थोडी अडचण आहे. काय लिहिणार होते? देव बोलत नाही? ठरल्या आयतारी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. कुणाच्या तरी म्हशीच्या प्रश्नाला देवाने चटकन डावा दिला आणि आम्हाला दोन्ही कळे तसेच चिकटलेले. शिगम्याआधी आता एकच खेप उरली होती. तेव्हाही देव गप्प राहिला तर ते काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार आणि मी ह्याच ओल्या फडक्यांच्या घरात म्हातारी होणार, हे मला समोर दिसायला लागलं.

त्या दिवशी निर्माल्य काढायचं काम गुरवाने मला सांगितलं. झाल्या कौलाचं निर्माल्य काढायला हरकत नसते. म्हशीचे कळे खाली पडले होते, ते उचलले. आमचे पाषाणावरून ओढून काढावे लागले. ओढताना बोटाला लागला तो चीक. हा चीक मी झोपेतही ओळखला असता.

घरी येऊन ट्रंकेतलं भिंग काढलं. खाली पडलेले कळे निमुर्डीचे होते. चिकटून राहिलेले भांबुर्ड्याचे. म्हणजे ताटात दोन्हींची सरमिसळ झाली होती.

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! देव गप्प नव्हता, चीक आडवा आला होता. चूक कशी झाली तेही लगेच ध्यानात आलं. निमुर्डीची जुनी जागा खाणीच्या मातीच्या ढिगाखाली गेली. उरलेल्या रानात रानमोडी घुसली, तीही ह्यांच्याच कुळातली पण कुणाला जगू न देणारी. मधेमधे जी काही निमुर्डी आणि भांबुर्डा उरलाय त्याच्यावर बोटभर लाल धूळ. सत्तरीच्या बाईला त्यात कापूस कुठला आणि चीक कुठला दिसणार? मला मांयची दयाच आली.

मी तिला समजुतीने सांगितलं. ती डोळे बारीक करून म्हणाली, "आता माका काय दिसता गो? पिवळा दिसला काय खुडतंय." मी म्हटलं, मी शिकवते. कळ्यांना मी शिवायचं नाही ते कौलाच्या दिवशी. शिकवण्यापुरतं शिवलं तर चालतं का, हे मी गुरवाला विचारलं नाही. अशा वेळी न विचारलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दोन्हींच्या डहाळ्या घेऊन आले. बालकांवात, म्हणजे आमच्या पुढच्या ओट्यावर, धुळीची पर्वा न करता मांयला घेऊन बसले. आणि खरं सांगते, कितीतरी दिवसांनी मला बरं वाटत होतं. पुस्तकात नसलेली एक खूण मला तिथेच सापडली. भांबुर्ड्यावर बसलेली धूळ चिकात मिसळून चिखल होते, फुंकर मारली तरी हलत नाही. निमुर्डीवरची धूळ कापसाच्या वर बसते आणि फुंकरीने उडते. मी मांयला फुंकून दाखवलं. ती म्हणाली, "अरे देवा, खराच की." मी तिच्या हाताच्या पाठीवर कळे ठेवून हात उपडा करायला लावला. निमुर्डी पडली, भांबुर्डा लटकून राहिला. "डोळे नसले तरी चालतील मांय," मी म्हटलं, "हात आहे ना?" ती मान डोलवत होती.

मग सुपात मी दोन्हींचे मूठ मूठ कळे मिसळले आणि म्हटलं, आता निवडा. निमुर्डी ह्या पाटीत, भांबुर्डा त्या पाटीत.

तिने निवडलं. बघितलं तर सगळं उलटं. निमुर्डीच्या पाटीत भांबुर्डा, भांबुर्ड्याच्या पाटीत निमुर्डी. मी हसले, म्हटलं पाट्या बदलल्या वाटतं. पाट्या बदलून, परत समजावून, परत मिसळून दिलं. पुन्हा उलटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग पुढचा सगळा आठवडा रोजच. फुंकर, हाताची पाठ, बोटांत चोळणं, वास, सगळं नव्याने. निवडलं की उलटं. मी चिडले. "मांय, म्हशीला शिकवलं असतं तर एव्हाना शिकली असती!"

"म्हशीक शिकवलंस तर ती सगळाच खाऊन टाकतली," मांय म्हणाली आणि खुदुखुदु हसली.

मला हसू आलं नाही. कौलाच्या आधीचा शुक्रवार उजाडला होता. मी सूप तिच्यापुढे तसंच टाकून आत गेले आणि भांडी घासायला घेतली. भात लागलेलं टोप खरवडत होते. मनात तेच चाललं होतं, कशी शिकवू, आणखी कुठली खूण सांगू, इतक्या वेळा सांगून एकदाही बरोबर येऊ नये?

एकदाही नाही. माझा हात टोपातच थांबला.

ज्याला दोन झुडपांतला फरक कळत नाही त्याचं निम्मं चुकतं, आणि निम्मं, त्याच्या नकळत का होईना, बरोबर येतं. मी स्वतः पहिल्या वर्षी डोळे झाकून नावं ठोकायची तेव्हाही माझे थोडे नमुने बरोबर निघायचे. मुठीएवढ्या ढिगातला एकही कळा बरोबर पाटीत पडू नये, आणि हे दर वेळी व्हावं, असं व्हायला माणसाला फरक अगदी पक्का कळावा लागतो. माझ्या मॅडमना कळतो तितका. मग मला शेजाऱ्यांची विहीर आठवली, म्हैस आठवली. त्यांच्या वेळी निमुर्डी आणि आमच्या वेळी भांबुर्डा. एकाच ताटातून, एकाच हाताने.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राखेचे हात तसेच घेऊन मी बाहेर गेले. मांय ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली होती, ट्रक जात होते.

"मांय," मी म्हटलं, "न कळणाऱ्याचं इतकं चुकत नाही."

तिने सूप मांडीवर ओढलं. डोळे रस्त्यावर ते रस्त्यावरच, खाली एकदाही पाहिलं नाही, आणि तिचे हात चालू लागले. तांदळातले खडे काढावेत तसे भराभर, एक ह्या पाटीत, एक त्या पाटीत. सूप रिकामं झालं. मी वाकून पाहिलं. एकही चूक नव्हती.

"बारा वर्साची होतंय तेव्हापासून खुडतंय मी," ती म्हणाली. "माहेराकसुद्धा आमच्याकडेच मान होतो. तू माका शिकवतलंस?"

"मग माझ्याशी असं का केलंत? सगळ्या गावाला सांगत फिरलात, सून जातली, सून जातली!"

"सांगूक नको? सासू अडवता म्हणान लोकांनी तोंडात शेण घातला असता माझ्या."

मी ओरडले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. इतकी वर्षं ह्या बंद घरात मी कशी कुजतेय, तुम्हाला दिसत नाही का, हे नक्की बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एका ट्रकचा आवाज ओसरल्यावर ती म्हणाली, "माका दिसता. माका नाय दिसता तर कोणाक दिसतला? तू येवच्या आधी मी एकटीच होतंय हय. झील, तुझो नवरो, बंदरार. दार लोटला की माझोच श्वास माका ऐकाक येय. सांजेक मी मुद्दाम टोप पाडी, कायतरी वाजांदी म्हणान. तू इलंस, भांडाक लागलंस, माका बरा वाटला."

"तर मग मला सांगायचं होतं. देवाला कशाला मधे घातलंत?"

"तुका सांगितलंय असतंय तर तू ऱ्हवली असतंस," मांय म्हणाली. "माझ्याखातर ऱ्हवली असतंस आणि जल्मभर माझ्या नावान बोटां मोडली असतंस. देवान अडवल्यान म्हटला की कोणाक दोष नाय."

ती खोटं बोलत नव्हती. मी राहिले असते आणि बोटंही मोडली असती. मी खालच्या पायरीवर बसले. राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. ती माझ्यामुळे अडकलेली आणि मी तिच्यामुळे, असं ते एकाच दाव्याला दोन जनावरं बांधल्यासारखं झालं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "आयतारी काय आणायचं ते तुम्ही बघा. मी काही सांगणार नाही, आणि ह्यांनाही सांगणार नाही." मग शनिवारभर मी तिच्याशी बोलले नाही. तीही बोलली नाही. नवरा आला, त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मुकाट्याने जेवून घेतलं.

आयतारी मांय उजाडतानाच गेली. परत आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ धुळीने लाल झाला होता आणि ताटावर केळीचं पान. पानाखाली काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. घुमटीकडे मी तिच्या मागे चार पावलं ठेवून चालले. तिने निमुर्डी आणली असेल तर आज देव खरोखर बोलणार होता, आणि बोलेल ते नाही असंही असू शकत होतं. भांबुर्डा आणला असेल तर सगळं संपलं. परत फिरून रानात जायचं नाही, ताटाला शिवायचं नाही, तोंड उघडायचं नाही. मी फक्त हात जोडून उभी राहू शकत होते.

गुरवाने पाषाणाला पाणी लावलं. मांयने पानाखाली हात घालून एक कळा दिला, मग दुसरा. गाऱ्हाणं सुरू झालं. व्हय म्हाराजा, आम्ही म्हटलं. गुरवाची वाक्यं लांबत चालली, ट्रकांचा आवाज वरपर्यंत येत होता. मी उजव्या कळ्यावरची नजर हलवली नाही.

तो पडला. कसलाही आवाज न करता पाषाणावरून घरंगळला आणि खालच्या तांदळांवर येऊन थांबला.

"उजवो!" गुरव म्हणाला. नवऱ्याने दोन्ही हात डोक्यावर नेले. "बघलंस? तिसऱ्या खेपेक, पण बोललो काय नाय?" तो मला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले होते. मी राखणदाराच्या पायाशी डोकं टेकलं.

नवरा आणि गुरव नारळ फोडायला पलीकडे गेले. डावा कळा अजून पाषाणाच्या छातीवर होता. वात संपली तरी तो हलला नाही. प्रश्न सुटला होता, आता मी शिवले तर चालणार होतं. मी हात लावला. बोटाला चीक लागला, आणि सुटताना केसाएवढी तार ओढली गेली.

भांबुर्डा.

उजवीकडे निमुर्डी आणि डावीकडे भांबुर्डा. मी तिथेच उभी राहिले. मांयने पानाखालून एकामागून एक काढून दिलेले ते दोन कळे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

उतरणीला नवरा नारळाची कवड घेऊन पुढे गेला. मी मांयच्या बरोबरीने चालू लागले आणि हळूच विचारलं, "डाव्याला भांबुर्डा का दिलात? दोन्ही निमुर्डीच दिल्या असत्यात तर ते देवानं ठरवलं असतं."

मांय थांबली. तिने पुढे मुलाकडे पाहिलं, तो लांब आहे ना बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"आणि देवान नको म्हटल्यान असता तर?" ती म्हणाली.

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि जपून जपून पावलं टाकत ती उतरायला लागली. मी तिचा हात धरला नाही, कारण धरला असता तर मला कोल्हापूरला जाता आलं नसतं. मी तिच्या मागून रडत चालले.